दुपारच्या पाळीचा रंग

एक भलीमोठी खोली डोळ्यांसमोर आणा. छत इतकं उंच की वरच्या तुळयांवर कबुतरं राहतात आणि खाली काम करणाऱ्यांना त्यांची नुसती घुटर्घू ऐकू येते. भिंती काजळीने काळ्या. आता त्या खोलीच्या मधोमध विटांचा एक घुमट बांधा, तुमच्या वर्गाएवढा, आणि त्याच्या पोटात आग पेटवा. घुमटाला छातीच्या उंचीवर एक लहान तोंड ठेवा. त्या तोंडातून आत बघितलंत, तर मातीचं हौदाएवढं भांडं दिसेल. त्याला मूस म्हणतात. मुशीत काच आहे. तुमच्या खिडकीतली टणक काच नव्हे. वितळलेली, मधासारखी दाट, हळूहळू डुचमळणारी.

झालं उभं? आता त्या खोलीत साठ माणसं भरा. कुणी लांब नळीच्या टोकावर काचेचा गोळा घेऊन फुंकतंय, कुणी तो साच्यात धरतंय, कुणी तयार बाटल्या पाट्यांवर रचतंय. नुसता गोंगाट.

आणि आता त्यांना एकेक करून बाहेर काढा. दोनच ठेवा.

मंदी आली तेव्हा त्या कारखान्यात हेच झालं. मंदी म्हणजे काय, असं विचाराल तर मला जमेल तितकं सोपं करून सांगतो. लोकांकडे औषधाला पैसे राहिले नाहीत, म्हणून औषधवाल्याला बाटल्या नको झाल्या. बाटल्या नको, म्हणून त्या करणाऱ्यांना काम नाही. काम नाही, म्हणून त्यांच्याकडेही औषधाला पैसे नाहीत. ही साखळी कुणी एका माणसाने बांधली नव्हती, त्यामुळे कुणाला शिव्या द्याव्यात तेही कळत नव्हतं.

मालक जाताना सांगून गेला होता, "आग विझू देऊ नका. मी मोठी ऑर्डर घेऊनच परत येतो." त्याला पाच महिने झाले होते.

आग विझू द्यायची नाही यामागे कारण होतं. मुशीत काच असताना आग विझली, तर काच आकसते आणि मुशीला फोडते. नवी मूस घडवायची, सावलीत वाळवायची, हळूहळू तापवायची, म्हणजे अर्धं वर्ष जातं. तोवर कोण थांबणार? म्हणून काच कारखान्यातली माणसं एरवी देवाधर्माची असोत-नसोत, आगीच्या बाबतीत फार कडक. ज्याच्या पाळीत भट्टी मेली, त्याला दुसऱ्या कुठल्याही भट्टीवर कुणी उभं करत नसे. तो मग कितीही हुशार असो.

मागे राहिलेले दोघे भट्टीवाले होते. एक मुंगीचे बाबा आणि दुसरा मुंगीचा मामा.

मुंगी दहा वर्षांची होती. अंगाने बारीक, आणि सारखी काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची, म्हणून मुंगी. तिच्या बाबांना अख्खी गल्ली उद्याराव म्हणायची, कारण त्यांच्या तोंडी सदा एकच: उद्या होईल, उद्या मिळेल, उद्या मालक येईल. मामाचं नाव पडलं होतं ढगोबा. आभाळ स्वच्छ असलं तरी तो मान वर करून म्हणायचा, "हं. साचतंय." दोघे पोरवयापासूनचे दोस्त. पुढे उद्यारावांनी ढगोबाच्या बहिणीशी लग्न केलं, तेव्हा लग्नाच्या दिवशी ढगोबाने बहिणीच्या कानात सांगितलं होतं, "माणूस चांगला आहे. फार दिवस टिकेल असं वाटत नाही, पण चांगला आहे." आई हे हसून सांगायची.

गंमत अशी, की हा स्वभाव दोघांच्या डोळ्यांतच उतरला होता.

आगीला रंग असतो. पिवळी म्हणजे जोरात, नारिंगी म्हणजे बेताची, लाल म्हणजे कोळसा मागणारी. उन्हातून आत आलेल्या माणसाला अर्धा तास तरी हा रंग खरा दिसत नाही. डोळे दिपलेले असतात. म्हणून दुपारी बारा वाजता पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला रंग सांगायचा, एका शब्दात, तोंडाने. लिहून ठेवायचा नाही, कारण लिहिलेला रंग शिळा होतो. पहिला कोळसा त्या शब्दावर पडायचा. अर्ध्या तासाने डोळे निवले, की मग स्वतः बघायचं. मध्यरात्रीच्या पाळीला हे काही लागत नसे. अंधारातून आलेल्या डोळ्यांना आग जशी आहे तशी दिसते.

आता, उद्यारावांना आग दिसायची एक पायरी वरची. नारिंगी असली तर ते सांगायचे पिवळी. ढगोबाला दिसायची एक पायरी खालची. नारिंगी असली तर तो सांगायचा लाल. दोघेही खोटं बोलत नव्हते, त्यांना दिसायचंच तसं. जुना मुकादम मुंगीला एकदा म्हणाला होता, "पोरी, तुझ्या बापाच्या शब्दातून एक पायरी वजा करायची आणि मामाच्या शब्दात एक मिळवायची. वीस वर्षं मी ही भट्टी अशी चालवली." मुकादम पहिल्याच महिन्यात मुलाकडे निघून गेला. हिशेब मुंगीच्या डोक्यात राहिला.

कोळसा संपत आला, तेव्हा दोघांत जुंपली. तेही घरात, जेवताना; संध्याकाळी भट्टीला कोळसा देऊन बाबा तेवढे अर्धा तास जेवायला यायचे.

"पंधरा दिवसांचा उरलाय," मामा म्हणाला. "दोघे मिळून काच उपसून टाकू, आग हळूहळू उतरवू. मूस तरी वाचेल. आणि उरलेला कोळसा घरी आणू. इथे पोरं कोट घालून झोपतायत, धाकटा तर तापाने फणफणतोय."

"पंधरा दिवसांत मालक येतोय."

"कुणी सांगितलं?"

"तो म्हणालाय ना!"

"तो पाच महिन्यांपूर्वी म्हणालाय. तो जिवंत आहे का तेही आपल्याला माहीत नाही."

"तुझ्या मनासारखं झालं तर नसेलही!" बाबा ताट सरकवून उठले. "काच उपसायची म्हणजे हात टेकायचे. दारात ऑर्डर आली आणि मूस थंड, तर काय तोंड दाखवायचं? तुला विझवायचीच आहे. तुला सगळंच विझवायचं असतं."

"आणि तुला फुंकायचं असतं. राखेलासुद्धा."

काच उपसायला दोन माणसं लागतात. एकटा मामा काही करू शकत नव्हता. म्हणून त्याने एकच केलं: बोलणं सोडलं. बाबांनीही सोडलं.

दोन खोल्यांच्या घरात न बोलता राहणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल. मामा भिंतीकडे तोंड करून जेवायचा. "त्याला म्हणावं मीठ सरकव," बाबा आईला सांगायचे. "त्याला म्हणावं समोरच आहे, उद्या दिसेल," मामा आईला सांगायचा. आई वैतागून म्हणायची, "मी काय पोस्टात नोकरीला आहे? एकाला सगळं पिवळं, एकाला सगळं लाल. माझ्या चुलीचा रंग कोण बघतंय?" चुलीत त्या दिवशी जुन्या खोक्याच्या फळ्या होत्या.

पण पाळीचा रंग तर सांगायलाच हवा. मग ते काम मुंगीकडे आलं. मधल्या सुट्टीत ती शाळेतून पळत कारखान्यात यायची. मामा मागच्या दाराने बाहेर पडताना तिला एक शब्द द्यायचा. ती तो घेऊन पुढच्या दाराशी यायची आणि बाबांना द्यायची.

"लाल."

"ढगोबाची लाल!" बाबा हसायचे. "त्याला सूर्यसुद्धा लाल दिसत असेल. घुबड कुठला!" आणि मग ते आपल्या मनाशी एक पायरी मिळवून, बेतानेच कोळसा टाकायचे. हे मनातलं मिळवणं मुंगीला दिसत नव्हतं. तिला ऐकू यायचं ते फक्त घुबड.

असे सात दिवस गेले. रोज लाल, रोज घुबड. घुबड तिने कधी मामापर्यंत पोचवलं नाही. पण ते तिच्याजवळच राहिलं आणि जड होत गेलं.

आठव्या दिवशी मामाने तिला शब्द दिला, "लाल," आणि खोकत निघून गेला. मुंगी घुमटाला वळसा घालून पुढे आली. चालता चालता तिने मुकादमाचा हिशेब केला. मामाची लाल म्हणजे खरी नारिंगी. मग खरं तेच सांगितलं तर? बाबा चिडवणार नाहीत. उलट म्हणतील, ढगोबा सुधारला. कदाचित संध्याकाळी स्वतःच मीठ मागतील.

"नारिंगी," ती म्हणाली.

बाबांच्या भुवया वर गेल्या. "काय? पुन्हा बोल."

"नारिंगी."

"ढगोबाच्या तोंडून नारिंगी!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "अगं, मग ती पिवळीधमक असणार! बघ, मी म्हणत नव्हतो? कोळसा चांगला लागलाय या खेपेला. आज पहिलं घमेलं वाचलं."

मुंगीला इतकं बरं वाटलं, की ती शाळेपर्यंत उड्या मारत गेली.

तुमच्या लक्षात आलंच असेल काय झालं ते. एक पायरी मुंगीने मिळवली आणि तीच पायरी बाबांनी पुन्हा मिळवली. आग होती नारिंगी, बाबांच्या मनात झाली पिवळी. तिला त्यांनी कोळसा दिला नाही, वर हवेची झडपही अर्धी लावली. आणि आनंदाच्या भरात, अर्ध्या तासाने आत डोकावायचं सोडून, ते मागच्या राखेच्या ढिगाकडे गेले. तिथे अर्धवट जळालेले खडे असत. एक घमेलं वाचलं, तर आणखी दोन वेचू, असा त्यांचा विचार. ते वेचत बसले. एकीकडे शीळ वाजवत होते.

चार वाजता शाळा सुटली. मुंगी मदतीला म्हणून थेट ढिगापाशी आली आणि बापलेक दोन घमेली भरून आत शिरले.

खोलीतच काहीतरी चुकलं होतं. नेहमीची ती घुमटातली घरघर येत नव्हती. वरची कबुतरं तेवढी स्पष्ट ऐकू येत होती. बाबांनी घमेलं टाकलं आणि तोंडातून आत पाहिलं. मुंगीनेही टाचा उंचावून पाहिलं. आत वाळल्या रक्ताच्या रंगाचं काहीतरी होतं. त्याला तिन्ही शब्दांपैकी एकही लागू नव्हता.

"काही नाही, काही नाही," बाबा म्हणाले. "धरते बघ आता. फावडं दे. झडप उघड. काही नाही होत."

या वेळी काय करायला हवं होतं ते भट्टीवर महिनाभर काढलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मूठमूठ कोळसा, हळूहळू, रात्रभर; निवत आलेल्या मुशीला एकदम आच लागली तर ती तडकते. पण धीर धरायला आधी मान्य करावं लागतं, की वाईट झालंय. बाबांना ते मान्य नव्हतं. त्यांनी वेचलेले खडे टाकले, मग उरलेला चांगला कोळसा ओढला आणि तोही टाकला. सात दिवसांचा कोळसा एका तासात आत गेला. आग उसळली. नारिंगी झाली, पिवळी झाली, पांढुरकी झाली.

"बघ!" बाबा ओरडले. त्यांच्या चेहऱ्यावर घामाचे ओघळ होते आणि ते हसत होते. "बघ मुंगे! म्हटलं नव्हतं?"

तेव्हा आवाज आला. फार मोठा नव्हता. तलावावरचा बर्फ तडकावा तसा, लांबवर, आतल्या आत. मग पुन्हा एक. मग मुशीच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक उजळ रेघ उमटली आणि त्या रेघेतून काच सावकाश बाहेर आली, खालच्या जाळीत उतरली, निखाऱ्यांना गिळत गेली.

बाबा फावडं धरून उभे राहिले. उद्याचं काही ते म्हणाले नाहीत.

घरी आले तेव्हा मामा नुकता उठला होता. बाबा दारातच थांबले आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलले.

"मारलीस ना शेवटी?"

"काय?"

"भट्टी. नारिंगी सांगितलीस. जन्मात कधी नारिंगी न सांगणारा माणूस आज बरा नारिंगी सांगतो! तुला विझवायची होती. माझ्या हाताने विझवलीस."

"मी लाल म्हणालो होतो," मामा म्हणाला.

"खोटं बोलू नकोस!"

"अरे, लाल म्हणालो. रोज म्हणतो तेच."

आई पदराला हात पुसत मध्ये आली. शेजारची माणसं दाराशी जमायला लागली होती; भट्टीची बातमी गल्लीत पायांआधी पोचते. बाबांनी मुंगीला पुढे ओढलं.

"हिला विचारा. मुंगे, तू मला दारात काय सांगितलंस? नारिंगी ना?"

प्रश्न नीट बघा. मामा काय म्हणाला, असं त्यांनी विचारलं नाही. तू मला काय सांगितलंस, असं विचारलं. आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर मुंगीजवळ होतं.

"हो," ती म्हणाली.

खरं बोलूनही माणूस खोटं बोलू शकतो. तिला ते त्या क्षणीच कळलं.

मामाने तिच्याकडे पाहिलं. तो सगळ्यांत वाईट तेच आधी बघणारा माणूस. त्याला सगळं दिसायला वेळ लागला नाही. मुकादमाचा हिशेब त्यालाही ठाऊक होता. मुंगीला वाटलं, आता तो बोलणार. तिला वाटलं, बोलू दे.

"म्हणालो असेन," मामा म्हणाला. "झोप कमी होते हल्ली. म्हणालो असेन नारिंगी."

दाराशी कुणीतरी थुंकलं.

"दादा!" आई म्हणाली.

"जाऊ दे गं. तसंही ती भट्टी काही जगणार नव्हती. मी म्हणतच होतो." त्याने पांघरूण उचललं आणि शेजारच्या ओसाड गोदामात झोपायला गेला.

मालक आला असता की नसता, हे मला विचारू नका. ते कुणालाच कळलं नाही. मूस फुटल्यावर त्याची वाट बघायचं कारणच उरलं नाही, आणि कारण नसलं की बातमीही कुणी विचारत नाही.

पुढचे तीन दिवस मुंगी रोज ठरवायची, आज सांगायचं. सकाळी ठरवायची, दुपारी धीर गळायचा. गोदामात भाकरी द्यायला गेली की मामा म्हणायचा, "शाळेत गेलीस का? जा. बाकी कशात डोकं घालू नकोस." एकदा ती म्हणाली, "मामा, मी..." तर त्याने हात वर करून तिला थांबवलं. "तुला वाटतं सांगितलं की सगळं नीट होईल. बापावर गेलीस. काही नीट होत नाही. एकाच्या जागी दोघे बुडतात, एवढंच."

चौथ्या दिवशी दुपारी कारखान्यासमोर एक ट्रक येऊन उभा राहिला. दूरच्या एका गावात काचेची भट्टी अजून चालू होती, चार मुशींची. तिथल्या माणसाकडे यादी होती: नऊ फुंकणारे हवेत, एक भट्टीवाला हवा. अख्खी गल्ली गोळा झाली. कुणी नवा सदरा घातला होता, कुणी उगाच छाती फुगवून उभं होतं, श्वास दमदार आहे हे दिसावं म्हणून.

भट्टीवाला म्हणून बाबांचं नाव लागलं. शेवटपर्यंत आगीपाशी राहिलेला माणूस, भट्टी मेली ती दुसऱ्याच्या खोट्या रंगाने, असं सगळ्यांनीच सांगितलं. बाबांचा चेहरा तीन दिवसांनी उजळला. "बघ!" ते आईला म्हणाले. "पहिल्या महिन्यातच तुम्हाला बोलावून घेतो. दोन खोल्या देतात म्हणे. धाकट्याला डॉक्टरला दाखवू." आईने त्यांच्या सदऱ्याचं बटण लावून दिलं. पाच महिन्यांत मुंगीने तिला असं करताना पाहिलं नव्हतं.

गर्दी बाजूला सरकली. मामा आला होता. सरळ यादीवाल्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मला कोळसा ओढायला घेता का? भट्टीवर नको. नुसता ओढायला."

कधीच कशाची आशा न धरणाऱ्या माणसाने काहीतरी मागितलं होतं. सगळ्यांसमोर. मुंगीला ते बघवेना.

"नाव?" यादीवाल्याने पेन्सिल उचलली.

ट्रकमधून एकजण ओरडला, "साहेब, भट्टी मारणारा तो हाच!"

"खोटा रंग सांगितला याने!"

"याला घेतलंत तर आम्ही उतरतो!"

यादीवाल्याने पेन्सिल खाली घेतली. तोही काचेतलाच माणूस होता. "खरं का?"

"लोक म्हणतात तसं," मामा म्हणाला.

"मग माफ कर बाबा. आमच्याकडे चार मुशी आहेत. आणि सांगून ठेवतो, दुसरीकडेही नको जाऊस. अशी गोष्ट आधी पोचते."

मामाने मान डोलावली, जणू त्याला हेच अपेक्षित होतं. खरंच होतं. तो वळला.

"मामा लाल म्हणाला होता!"

मुंगीला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. सगळे वळून बघायला लागले. ती आईच्या मागून बाहेर आली होती.

"मामा लाल म्हणाला होता. नारिंगी मी केलं. मुकादमकाका म्हणायचे, मामाच्या रंगात एक मिळवायची. म्हणून मी मिळवली. बाबा रोज त्याला घुबड म्हणायचे, तर मला वाटलं... मी मिळवली."

"मुंगे, घरी जा," मामा म्हणाला.

"मामाला वाचवायला बोलतेय," ट्रकमधून कुणी म्हणालं, पण जोर नव्हता. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला मुकादमाचा हिशेब पाठ होता. फुंकणाऱ्यांपैकी एका म्हाताऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. "दोनदा मिळवली रे," तो हळूच म्हणाला. "पोरीने एकदा, उद्यारावने एकदा."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा नव्हता.

यादीवाला गुडघ्यांवर हात ठेवून मुंगीसमोर वाकला. त्याने दम दिला नाही. आवाजही चढवला नाही.

"ठीक आहे. रंग चुकला, पहिला कोळसा पडला नाही. पण एवढ्याने भट्टी मरत नाही, बाळ. अर्ध्या तासाने येणाऱ्याने स्वतः बघायचं असतं. तुला माहीत आहे ना?"

"हो."

"मग तुझ्या बाबांनी बघितलं होतं का?"

मुंगीने बाबांकडे पाहिलं. त्यांनी नुकतंच लावून घेतलेलं ते बटण. त्यांचे डोळे तिच्यावर होते आणि अजूनही, तेव्हासुद्धा, त्यांत आशा होती. आई जागच्या जागी उभी होती. यादीवाल्याच्या हातातल्या कागदावर दहावं नाव बाबांचं होतं.

मुंगी चार पावलं चालून बाबांपाशी गेली. त्यांचा काळा पडलेला जाड हात तिने आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. आणि तो न सोडता, यादीवाल्याकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाही. बघितलं नव्हतं."